पोच येते कुठून?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सतरा वर्षांचा, दहावीला ९३ टक्के, आता जेईईच्या क्लासला जातो. मागच्या महिन्यात एका दुपारी घरी तो आणि आजी दोघंच होती. आजीला डायबेटिस, गोळ्या चालू. अचानक आजीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलण्याचा धागा सुटायला लागला. मुलाने आईला दोनदा फोन लावला, तो लागला नाही. मग तो मोबाइलवर लक्षणं शोधत बसला. तेवढ्यात शेजारच्या काकू वाटी परत द्यायला म्हणून आल्या. त्यांनी आजीकडे एकदा पाहिलं आणि साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत आजी सावरली. आई लिहिते, "एवढा हुशार मुलगा, पण पोच नाही. रोजच्या आयुष्यात या कॉमन सेन्सला खरंच इतकी किंमत असते का? आणि ती शिकवता येते का?"

ताई, दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'हो' असंच आहे. पण त्याआधी मला तुमच्या मुलाची बाजू घ्यायची आहे.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी गेली ३१ वर्षं डॉक्टरकी करते. मोठं हॉस्पिटल लांब, त्यामुळे रात्री-अपरात्री जे काही होतं ते आधी माझ्या दारात येतं. माझ्यापर्यंत येणाऱ्या माणसाचं निम्मं नशीब घरातल्या पहिल्या दहा मिनिटांत ठरलेलं असतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की या विषयावर थोडक्यात बोलणं मला जमत नाही.

काकूंना पोच होती, म्हणजे काय होतं? बहुधा त्यांनी हे आधी कुणाच्या तरी घरी, कदाचित स्वतःच्याच, पाहिलं असणार. तुमच्या मुलाने पाहिलं नव्हतं. ग्लुकोजचं सूत्र त्याला पाठ असेल, पण आजीची सकाळची गोळी साखर खाली आणते, ती घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर गरजेपेक्षा जास्त खाली जाते, आणि मग असा घाम फुटतो, हे त्याला घरात कुणी सांगितलं होतं का? पोच ही जन्माबरोबर येत नाही. ती हाताखालून जावी लागते.

आता त्या दुपारचंच घेऊ, कारण त्यात सगळं आहे. समजा मुलाला नक्की कळत नव्हतं की आजीची साखर कमी झाली आहे की वाढली आहे. घरी मशीन असेल तर तपासायचं. ७० च्या खाली म्हणजे कमी. मशीन नसेल तर? साखर वाढलेली असताना तीन चमचे साखर दिली तर ती आणखी थोडी वाढेल. ती चूक नंतर भरून काढता येते. पण साखर कमी झालेली असताना ती दिली नाही, तर मेंदूला खाणं मिळत नाही, माणूस बेशुद्ध होऊ शकतो, आकडी येऊ शकते. ती चूक भरून येईलच असं नाही. म्हणजे नक्की काय झालं आहे हे कळत नसतानाही काय करायचं हे मात्र कळू शकतं. शुद्धीवर आहे, गिळता येतंय, तर अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, फरक नसेल तर पुन्हा द्यायचं, बरं वाटल्यावर पोळी किंवा बिस्किट. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन.

तारतम्य म्हणतात ते माझ्या मते एवढंच. समोर काय आहे ते नीट बघणं, आणि आपण चुकलो तर कुठली चूक भरून येणारी आहे नि कुठली नाही, याचा क्षणभर विचार करणं. बुद्धीचा प्रश्न त्यात फारसा येत नाही.

आणि 'सगळे करतात ते' म्हणजे कॉमन सेन्स, असंही नाही. या गैरसमजाने मी डोळ्यांदेखत माणसं गेलेली पाहिली आहेत.

प्रॅक्टिसची पहिली वर्षं होती. पावसाळ्यात वाड्यांवरून जुलाबाची पोरं यायची. डोळे खोल गेलेले, पोटाचा चिमटा सोडला तर कातडी तशीच उभी. विचारलं की घरच्या म्हातारीचं उत्तर ठरलेलं, "पाणी बंद केलंय, दिलं की लगेच जातंय." ऐकायला किती पटतं! वरून घातलं की खालून जातं, मग घालू नका. पिढ्यान् पिढ्या हेच शहाणपण समजलं गेलं. आणि मूल जुलाबाने मरत नव्हतं, ते अंगातलं पाणी नि मीठ संपून मरत होतं. एकदा एका कातकरी बाईने मात्र सासूचं न ऐकता पोराला रात्रभर चमच्याचमच्याने भाताची पेज नि मीठ पाजत आणलं होतं. मी विचारलं, तुला हे कुणी सांगितलं? ती म्हणाली, "हंडा गळतोय म्हणून पाणी घालायचं थांबवलं तर तो रिकामाच नाय का होणार?" शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईने जे पाहिलं, ते तिच्या आजूबाजूच्या कुणीही पाहिलं नव्हतं.

हीच गोष्ट १९७१ साली फार मोठ्या प्रमाणावर घडली. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, जमिनीवर रुग्ण पडलेले, सुई लावायला हात कमी. साखर-मिठाचं पाणी तोंडाने दिलं तर आतडं ते शोषून घेतं, हे तोवर प्रयोगशाळेत कळलेलं होतं. साखर आपल्याबरोबर मिठाला आत ओढते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. पण छावणीत, नातेवाइकांच्या हातून, पिंपांतून हे पाणी वाटायचं, याची हिंमत कुणी केली नव्हती. त्यांनी ते केलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते तोंडाने पाणी दिलेल्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या माणसाचं नाव घराघरात माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या साखर-मिठाच्या पाण्याची कृती पाठ करून ठेवा आणि मुलालाही करायला लावा. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. चव घ्यायची, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते ओतून टाकायचं आणि पुन्हा करायचं. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं. याच मिश्रणाची तयार पुडी, म्हणजे ओआरएस, मिळत असेल तर पुडीच वापरा, पण पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अर्धी पुडी पेल्यात, हा अंदाज नको.

बघण्याविषयी थोडं जास्त बोलते, कारण पोच तिथून सुरू होते.

आमच्याकडे साप फार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं कोकणातल्या कातळावर पावलापावलावर. घोणस किंवा फुरसं चावलं की सूज येते, दुखतं, रक्त येतं, लोक लगेच धावतात. मण्यारचं तसं नाही. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुतेकदा दुखतही नाही, खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखतं आणि घरचे पित्त म्हणून सोडा देतात. बऱ्याच वर्षांपूर्वी पहाटे पाच वाजता एक शेतकरी बायकोला मोटरसायकलवर मधे बसवून, मागे भावाला धरायला बसवून घेऊन आला. पोटदुखी, एवढीच तक्रार. दोन घरांनी त्याला सांगितलं होतं, उजाडू दे, मग ने. मी त्याला विचारलं, मग एवढ्या घाईने का आणलंस? तो म्हणाला, "बाई, ही रोज बोलते तशी बोलत नाय. आणि डोळं उघडायला सांगितलं तर कपाळ वर ओढते." पापण्या पडत होत्या. मण्यारच्या विषाने स्नायू लुळे पडायला लागतात, सुरुवात पापण्यांपासून होते आणि शेवट श्वासाच्या स्नायूंवर. तासाभराचा उशीर झाला असता तर वाटेतच श्वास थांबला असता. प्रतिविष दिलं, पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटरवर होती, बरी होऊन घरी आली. तिला वाचवलं ते नवऱ्याच्या नजरेने. त्याने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं. बायको रोज कशी बोलते हे मात्र त्याला माहीत होतं.

(सापाचं निघालंच आहे म्हणून: आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने विष ओढू नका, साप पकडायला मागे लागू नका. हातापायातले दागिने काढा, चावलेला भाग हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, थेट हॉस्पिटल. आवळल्याने विष थांबत नाही, हात किंवा पाय मात्र जाऊ शकतो.)

आमच्याच भागातलं दुसरं उदाहरण सांगते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावून मुलं नि तरणीताठी माणसं मरत होती आणि पुस्तकांत त्याला इलाज नव्हता. ते रुग्णाच्या खाटेशी तासन् तास बसले, नाडी, रक्तदाब, श्वास टिपत गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की माणूस जातो तो हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरल्यामुळे. रक्तदाबासाठी आधीच बाजारात असलेली प्राझोसिनची गोळी त्यांनी या रुग्णांना दिली. मृत्यू कमी झाले, तेही फार झपाट्याने. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्ञान मोठं होतंच, पण सुरुवात कुठून झाली? उठून निघून न जाता बघत बसण्यातून.

आता जे सांगते ते थोडं जड आहे, पण सतरा वर्षांच्या मुलाला ते कळायलाच हवं.

एप्रिल २०२४ मध्ये नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी एक मांजर पडक्या विहिरीत पडलं. ती विहीर शेणाचा राडा साठवायला, बायोगॅससाठी वापरली जात होती. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच माणसं गेली. कमरेला दोर बांधून उतरलेल्या एकाला वरच्यांनी ओढून काढलं, तो वाचला. ही बातमी वाचल्यावर मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. त्या पाचांतला प्रत्येक जण चांगला माणूस होता, कुणी मरणाला भिऊन मागे सरला नाही. माया होती, धाडस होतं. नव्हता तो फक्त एक क्षण, 'आधीचा वर का आला नाही?' हे विचारण्याइतका. अशा खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, प्राणवायू कमी असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटतं की वास गेला, आता ठीक आहे. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते.

जुने लोक विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघायचे. विझला तर उतरायचं नाही. साध्या विहिरीसाठी ते शहाणपण होतं. बायोगॅसच्या खड्ड्यात मात्र मिथेन असतो, तिथे ज्योत नेली तर स्फोट होऊ शकतो. आजोबांची रीत आहे तशी उचलता येत नाही, ती कशासाठी होती हे कळलं तरच ती उपयोगी पडते. अशा ठिकाणी एकच करायचं: उतरायचं नाही, अग्निशमन दलाला बोलवायचं. मनाविरुद्ध काठावर उभं राहणं किती कठीण असतं हे मला माहीत आहे. तरीही.

शिकलेल्यांबद्दल एकच प्रसंग, कारण तुमच्या प्रश्नात ती खंत आहे. एक इंजिनिअर वडील तापातलं आठ महिन्यांचं बाळ घेऊन आले. मी पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स लिहून दिले. घरी गेल्यावर त्यांनी मोठ्या मुलीच्या वेळच्या सवयीने एक चमचा, म्हणजे ५ मिली, मोजून तयार ठेवलं. बाळाच्या आजीने हात धरला. म्हणाली, "बाटली एवढीशी आणि डोस तेवढाच कसा?" सिरपच्या ५ मिलीमध्ये साधारण १२० मिलिग्रॅम औषध असतं. ड्रॉप्सच्या एकाच मिलीमध्ये १०० असतं. म्हणजे ५ मिलीत ५००, मोठ्या माणसाच्या गोळीइतकं. आजीला मिलिग्रॅम ठाऊक नव्हते. बाटलीचा आकार आणि डोस जुळत नाही, एवढंच तिला खटकलं, आणि खटकल्यावर ती गप्प बसली नाही. वडिलांनीही तिचं ऐकलं आणि मला फोन केला. त्या दोघांतलं कोण शहाणं, असं मला विचारलं तर मी दोघंही म्हणेन.

मग हे शिकवायचं कसं? उपदेश करून नाही. कामं देऊन.

आजीच्या गोळ्यांची यादी तुमच्या मुलाला करायला सांगा. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव नाही, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव लिहायचं, किती मिलिग्रॅम, कधी, जेवणाआधी की नंतर, कशासाठी. माझ्याकडे असे कितीतरी आजी-आजोबा येतात की दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांची एकच गोळी दिलेली असते आणि दोन्ही चालू असतात. असली दुहेरी गोळी तुमच्या मुलासारखा मुलगा पाच मिनिटांत पकडेल. पुढच्या तपासणीला आजीबरोबर त्यालाच पाठवा, तुम्ही जाऊ नका. केसपेपर त्याने काढायचा, प्रश्न त्याने विचारायचे. एक-दोन प्रश्न राहून जातील, जाऊ देत.

घराची ओळख करून द्या. गॅसचा रेग्युलेटर बंद कसा करायचा, मेन स्विच कुठे आहे, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे. गॅसचा वास आला तर दिवा-पंख्याचं बटण चालूही करायचं नाही नि बंदही नाही, आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. शॉक लागून चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. हे तोंडी सांगून राहत नाही. एकदा त्याला स्वतः रेग्युलेटर फिरवू दे, स्वतः मेन पाडू दे. हाताने केलेलं घाबरल्यावरही आठवतं.

आठवड्यातून एक दिवस स्वयंपाक त्याच्याकडे. दूध उतू जाईल, भात लागेल. जाऊ दे. भात करपण्याच्या आधी वास बदलतो, हे त्याला एकदा कळलं की बघणं-हुंगणं-ऐकणं सुरू झालं. आपल्याकडे अभ्यासाच्या मुलाला यातलं काहीच करू देत नाहीत, पाण्याचा पेलाही हातात मिळतो, आणि मग सतराव्या वर्षी एका दुपारी त्याने सगळं येत असल्यासारखं वागावं अशी अपेक्षा करतो. हे मला अन्यायाचं वाटतं.

शेवटची गोष्ट सांगताना मी जरा कठोर होणार आहे, रागावू नका. "एवढी पण अक्कल नाही?" हे वाक्य घरातून काढून टाका. आमच्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा आला होता. कुत्र्याचं पिल्लू चावलं होतं, पोटरीवर दात लागलेले. त्याने आठ दिवस ते लपवलं, कारण पिल्लाशी खेळू नको असं बजावलेलं होतं आणि बोलणी खायची नव्हती. आठव्या दिवशी आंघोळ घालताना आईला खूण दिसली, तेवढ्यात ते पिल्लूही मेल्याचं कळलं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की जवळपास कुणीच वाचत नाही. त्याआधी मात्र पूर्ण वाचवता येतं. चावल्या चावल्या साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, त्याच दिवशी लस सुरू करायची, रक्त आलं असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. आम्ही उशिरा का होईना सगळं दिलं, मुलगा आज धडधाकट आहे. पण ते आठ दिवस त्याला कुणी गप्प बसवलं होतं? मुलाला चूक सांगायची भीती वाटत नसेल, तर भरून येणारी चूक भरून येण्याच्या वेळेत आपल्यापर्यंत पोचते.

तुमच्या मुलाने मोबाइल उघडला, त्याबद्दलही त्याला बोलू नका. शोधणं वाईट नाही, फक्त क्रम चुकला. आधी आजीजवळ जायचं, हात हातात घ्यायचा, घाम बघायचा, नाव विचारायचं, साखर द्यायची, शेजारी हाक मारायची. मोबाइल त्यानंतर, आणि तेव्हा तो फोन करायला.

या रविवारी त्याला त्या काकूंकडे पाठवा, एकट्याला. आभार मानायला तर जाऊ देच, पण एक प्रश्न विचारायला सांगा: दारातून आत आल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी काय दिसलं? आजीच्या कपाळावरचा घाम, थरथरणारे हात, की तिने तुमचं नाव चुकवलं ते?